सी मेजरमधला कोणता?

पॅरिसमध्ये १७६४ चा फेब्रुवारी चालू आहे. तुमच्या हातात नुकतीच छापून आलेली एक वही आहे. कागद जाड आहे, शाईचा वास अजून गेलेला नाही. मुखपृष्ठावर फ्रेंचमध्ये लिहिलंय की हे क्लाव्हसँसाठी, म्हणजे हार्पसिकॉर्डसाठी, रचलेले दोन सोनाटा आहेत, सोबतीला व्हायोलिन घेता येईल, आणि ते राजकन्या व्हिक्तवारला अर्पण केले आहेत. रचनाकार साल्झबर्गचा वोल्फगांग मोझार्ट, वय वर्षे सात. वय छापखान्यात अडकल्यामुळे मागे पडलंय, २७ जानेवारीला मुलाला आठवं पूर्ण झालं. वहीवर आणखी एक गोष्ट छापली आहे: ओपस १. पहिलं प्रकाशित काम, म्हणून पहिला क्रमांक. सगळं सरळ दिसतंय.

आता जागचे न हलता चौदा वर्षं पुढे या. शहर तेच, माणूस तोच, वर्ष १७७८. तो बावीस वर्षांचा आहे. जुलैच्या तीन तारखेला त्याची आई याच शहरात वारली, आणि छपाई पुरी होण्याआधीच तो पॅरिस सोडून निघून गेला आहे. सीबर नावाच्या प्रकाशकाकडून त्याचे सहा नवे सोनाटा बाहेर येतात, पियानो आणि व्हायोलिनसाठी. तुम्ही वही हातात घेता. मुखपृष्ठावर पुन्हा तेच: ओपस १.

तीन वर्षांनी, १७८१ साली, व्हिएन्नात आर्तारिआ ही प्रकाशनसंस्था त्याचे आणखी सहा सोनाटा छापेल आणि त्यांना ओपस २ म्हणेल. लहानपणी पॅरिसला ‘ओपस २’ सुद्धा होऊन गेलेला आहे, हे तिथे कुणी विचारात घेणार नाही. कारण ओपसचा आकडा प्रकाशक घालतो, स्वतःच्या दुकानाच्या सोयीने. मोझार्टच्या हयातीत त्याचं पुष्कळसं संगीत छापलंच गेलं नाही. त्या रचनांच्या वाट्याला असा चुकीचा आकडासुद्धा आला नाही.

तुम्ही पियानो शिकता. मुंबईत, पुण्यात किंवा मडगावात, लंडनच्या परीक्षा मंडळांच्या एकेक ग्रेड देत. तुमच्या पिशवीत जी प्रत आहे तिच्यावर ‘सोनाटा, सी मेजर, के. ५४५’ असं लिहिलेलं आहे. बाईंनी नुसतं ‘मोझार्टचा सी मेजर सोनाटा आण’ असं सांगितलं असतं तर तुमची पंचाईत झाली असती, कारण त्याने एकट्या पियानोसाठी सी मेजरमध्ये चार सोनाटा लिहिले: के. २७९, के. ३०९, के. ३३० आणि के. ५४५. ‘जी मायनर सिंफनी’ म्हणावं तर त्याही दोन, के. १८३ आणि के. ५५०, मधे पंधरा वर्षांचं अंतर. ‘सोनाटा क्रमांक १६’ म्हणावं तर जुन्या आवृत्त्यांत हाच सोनाटा पंधरावा आहे. या घोळात पाय रोवून उभा राहणारा आकडा एकच, ‘के.’ नंतरचा. तो कुठून आला हे पाहायला आपण निघालो आहोत, आणि त्याच्या मुळाशी एक साधी वही आहे.

ती वही व्हिएन्नात १७८४ च्या फेब्रुवारीत सुरू होते. मोझार्ट अठ्ठावीस वर्षांचा आहे, गावात त्याच्या मैफलींना गर्दी होते आहे, शिष्य आहेत, मागण्या आहेत, आणि आपण काय लिहिलं याचा हिशेब ठेवायला हवा असं त्याला वाटू लागलंय. वहीच्या मुखपृष्ठावर तो लिहितो की ही माझ्या सगळ्या कामांची यादी आहे, फेब्रुवारी १७८४ पासून अमुक महिन्यापर्यंत. त्या ‘अमुक’च्या जागी त्याने महिना मोकळा सोडलाय, आणि वर्षाच्या जागी फक्त पहिला आकडा घातलाय: १. त्यापुढे कोरी जागा. सतरा लिहावं की अठरा, हे त्याने काळावर सोडलं आहे. पहिली नोंद ९ फेब्रुवारीची, ई फ्लॅट मेजरमधल्या पियानो कन्चेर्टोची. आज आपण तिला के. ४४९ म्हणतो.

वहीची रचना बघून घ्या. डाव्या पानावर पाच नोंदी: तारीख, रचनेचा प्रकार, कोणकोणती वाद्यं, कधी गायकांची नावं. उजव्या पानावर त्याच पाच नोंदींसमोर स्वरलिपीच्या दोन-दोन ओळी, आणि त्यांत त्या त्या रचनेचे पहिले काही बार. एवढंच. आपल्याकडे बंदीश जशी राग, ताल आणि मुखड्यावरून ओळखतात, तसा हा प्रत्येक रचनेचा मुखडा आहे. नाव विसरेल, तारीख चुकेल, पण सुरुवातीचे स्वर दिसले की रचना डोळ्यांपुढे उभी राहते.

आता २६ जून १७८८. इथे जरा थांबू, कारण ज्यासाठी तुम्ही आलात ते इथे आहे.

मोझार्ट कुटुंब नऊ दिवसांपूर्वी, १७ तारखेला, शहराच्या तटाबाहेरच्या बागेच्या घरात राहायला आलंय. हवा चांगली, येणीजाणी कमी. पैशाची ओढाताण आहे. उद्या तो मिखाएल पुखबर्ग या व्यापारी मित्राला उसन्या पैशांसाठी पत्र लिहील आणि त्यात हेही सांगेल की इथे आल्यापासूनच्या दहा दिवसांत माझं जेवढं काम झालं तेवढं जुन्या घरी दोन महिन्यांत झालं नव्हतं. वही उघडी आहे. तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे आहात.

तो एक सिंफनी नोंदवतो. वाद्यं लिहितो: व्हायोलिन, एक फ्लूट, दोन क्लॅरिनेट, दोन बसून, हॉर्न, ट्रंपेट, ड्रम, व्हिओला, बेस. ओबो नाहीत. आजही ही ई फ्लॅट मेजर सिंफनी वाजते तेव्हा वाद्यवृंदात ओबोवाले नसतात आणि लाकडी सुषिर वाद्यांच्या आवाजावर क्लॅरिनेटची ऊब पसरलेली असते. ती निवड या एका ओळीत दिसते. ही होणार के. ५४३. तिच्याखाली एक छोटा मार्च, व्हायोलिन, फ्लूट, व्हिओला, हॉर्न आणि चेलोसाठी: के. ५४४. मग तुमचा सोनाटा. तो जर्मनमध्ये लिहितो की हा नवशिक्यांसाठीचा छोटा क्लाव्हिअर सोनाटा आहे. समोरच्या पानावर लेखणी फिरते: उजव्या हाताला एक लांब सी, मग ई, मग जी, मग खाली येऊन बी, डाव्या हाताला सी-जी-ई-जी अशी झुलती साथ. तुमची बोटं तिथेच हवेत हलतात, कारण हे चार स्वर तुम्ही असंख्य वेळा वाजवलेले आहेत. के. ५४५. त्याच तारखेखाली तंतुवाद्यांसाठी आणखी एक नोंद आहे, आधी लिहिलेल्या एका फ्यूगला जोडलेला अडाजिओ: के. ५४६.

अर्थात हे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. त्याच्यासाठी ही चार कामं आहेत, हातावेगळी झालेली.

त्यातलं काय उरलं ते पाहा. छोटा मार्च हरवला. त्याची स्वरलिपी आजवर कुठेही सापडलेली नाही. जगात त्याचं जे काही शिल्लक आहे ते म्हणजे तुमच्यासमोर आत्ता वाळत असलेले उजव्या पानावरचे थोडे बार. तुमच्या सोनाटाचं मूळ हस्तलिखितही पुढे नाहीसं होईल. तो छापला जाईल १८०५ साली, रचनाकाराच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. तो मोझार्टचाच आहे आणि कुठल्या दिवशी पुरा झाला, हे ही नोंद सांगते. आदल्या वर्षीच्या १० ऑगस्टच्या नोंदीवर नजर टाका: ‘आइने क्लाइने नाख्टम्युझिक’, के. ५२५. साऱ्या जगाला पाठ असलेल्या या रचनेचे चार भाग आपण ऐकतो. वहीत पाच नोंदवलेले आहेत. पहिल्या भागानंतरचा मिन्युएट गेला, कुठे गेला ते सांगता येत नाही, आणि तो होता एवढं तरी कळतं ते या ओळीमुळेच.

तीन दिवसांनी, २९ जूनला, या घरातली सहा महिन्यांची मुलगी तेरेझिया मरण पावेल. वहीत त्याचा उल्लेख नाही. वही फक्त कामाची आहे. २५ जुलैला जी मायनर सिंफनीची नोंद होईल, १० ऑगस्टला सी मेजरमधल्या शेवटच्या सिंफनीची. के. ५४३, ५५०, ५५१. संगीताचे विद्यार्थी हे आकडे एका दमात म्हणतात, आणि म्हणताना त्या आकड्यांच्या मधोमध हा २९ जून येतो हे मला प्रत्येक वेळी आठवतं.

पुढची तीन वर्षं भरभर उलटू. शेवटची नोंद १५ नोव्हेंबर १७९१ ची, एका छोट्या कँटाटाची, आज के. ६२३. त्यानंतर आखलेली, कोरी पानं. ५ डिसेंबरला मोझार्ट गेला. रेक्विएम पुरा झाला नव्हता, म्हणून तो वहीत नाही. वर्षाच्या जागी घातलेल्या त्या एका १ पुढे शेवटपर्यंत कुणी काही लिहिलं नाही.

विधवा कॉन्स्टान्झेने १७९९ च्या अखेरीस हस्तलिखितांचा मोठा साठा ऑफेनबाखच्या योहान आन्तोन आन्द्रे या प्रकाशकाला विकला. आन्द्रे स्वतः संगीतकार होता आणि चिकित्सक होता. त्याने १८०५ मध्ये मोझार्टची ती वही छापून काढली, आणि १७८४ च्या आधीच्या कामांचा क्रम लावायचाही प्रयत्न केला. पण १८४२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर साठा वारसांत वाटला गेला, आणि कागद पुन्हा पांगले.

म्हणून आता साल्झबर्ग, १८५० चं दशक. पुतळा उभारून झालाय, १८५६ ला जन्मशताब्दीही झाली. अजून एका प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाकडे नाही: मोझार्टने एकूण लिहिलं काय?

ज्या खोलीत तुम्ही आहात तिथला गृहस्थ संगीताचा प्राध्यापक नाही. लुडविग फॉन क्योखेल, आपल्या ‘के.’ मधला क्योखेल, १८०० साली डॅन्यूबकाठच्या श्टाइन गावी जन्मला, व्हिएन्नात कायदा शिकला, आर्चड्यूक कार्लच्या चार मुलांचा शिक्षक म्हणून वर्षानुवर्षं काम केलं आणि त्याबद्दल त्याला सरदारकी मिळाली. उदरनिर्वाहाची चिंता मिटली तसा तो मनाजोगत्या अभ्यासाला लागला. वनस्पती गोळा करणं, खनिजं गोळा करणं, त्यासाठी उत्तर आफ्रिकेपासून रशियापर्यंत भटकणं, हा त्याचा जीव की प्राण. भिंतीकडे पाहा: वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती, खाली बारीक अक्षरात जात, ठिकाण, तारीख. हा हात मोझार्टकडे वळला तो एका मित्राच्या तळमळीमुळे. फ्रान्झ लोरेन्झ या डॉक्टराने १८५१ मध्ये स्वतःचं नाव न घालता एक पुस्तिका काढली आणि मोझार्टच्या रचनांची काय दैना झाली आहे ते मांडलं. क्योखेलने ते मनावर घेतलं. त्याच सुमारास ओटो यान मोझार्टचं चार खंडांचं चरित्र लिहीत होता. त्याने आपली जमवलेली सामग्री क्योखेलपुढे ठेवली. क्योखेलचा ग्रंथ यानलाच अर्पण केलेला आहे.

त्याच्या टेबलावर वाकून बघा. फेब्रुवारी १७८४ नंतरच्या कामांचा ढीग नीट लागलेला आहे, कारण तिथे मोझार्टची स्वतःची वही हाताशी आहे. खरी कसोटी आधीच्या वीस-बावीस वर्षांची. वडील लिओपोल्डने १७६८ मध्ये बारा वर्षांच्या मुलाच्या कामांची एक यादी केली होती, ती आहे. आन्द्रेच्या याद्या आहेत. काही हस्तलिखितांवर तारखा आहेत, आणि त्यांतल्या काहींवर कुणीतरी खाडाखोड केलेली आहे. बाकी ठिकाणी अक्षराचं वळण, शैली, एखाद्या पत्रातला उल्लेख आणि स्वतःचा अंदाज. जिथे ग्रंथालय आहे, जिथे संग्राहक आहे, तिथे तो जातो किंवा पत्र धाडतो.

एक कोरं पान घेऊन तो नोंद करायला बसतो. आधी क्रमांक. मग रचनेचं नाव, साल, ठिकाण. मग प्रत्येक भागाचे आरंभीचे बार, दोन ओळींत दाबून बसवलेले, वर गतीची सूचना. मग त्या भागात एकूण बार किती, तो आकडा. बार मोजणं म्हणजे बसून, बोट ठेवून, पानामागून पान मोजणं. शेकडो रचनांसाठी हे काम या माणसाने केलं. त्यामुळे कुठे अपुरी प्रत हाती आली तर आकडा जुळत नाही आणि पुढच्या अभ्यासकाला लगेच कळतं. शेवटी हस्तलिखित कुणाकडे आहे, छापील आवृत्त्या कोणत्या, आणि शेरा. हरवलेली, अपुरी, शंकास्पद आणि दुसऱ्यांची निघालेली बहुतेक कामं वेगळ्या परिशिष्टांत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याने मोझार्टबद्दल कुठलाही सिद्धान्त मांडला नाही. त्याने सगळं एका जागी आणलं आणि प्रत्येक गोष्टीला आपलं स्थान दिलं.

ग्रंथ १८६२ मध्ये लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेलने काढला. जी मेजरमधला बालवयातला एक मिन्युएट क्रमांक १, अपुरा राहिलेला रेक्विएम क्रमांक ६२६. याच प्रकाशकाने १८७७ मध्ये मोझार्टचं समग्र संगीत छापायला घेतलं, त्याला क्योखेलने पैशांचंही पाठबळ दिलं. त्याच वर्षी ३ जूनला तो व्हिएन्नात वारला. अंत्यविधीला रेक्विएम गायला गेला.

आता क्रमांकांची दुसरी बाजू. ती विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही आणि माझ्या मते हीच सांगायला हवी. क्योखेलने आकडे काळाच्या क्रमाने दिले. त्यामुळे सगळे धरून चालतात की आकडा लहान तर रचना आधीची, मोठा तर नंतरची. १७८४ नंतर हे जवळजवळ खरं आहे. त्याआधी सांभाळून.

के. १८ उघडा. क्योखेलला ती मोझार्टची बालपणीची सिंफनी वाटली, कारण स्वरलिपी मोझार्टच्या हातची होती. हात त्याचाच, पण लंडनमध्ये आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलाने कार्ल फ्रीडरिख आबेल या संगीतकाराची सिंफनी अभ्यासासाठी उतरवून घेतली होती. के. ४४४ मध्ये मोझार्टची फक्त सुरुवातीची संथ प्रस्तावना आहे, बाकी सिंफनी मिखाएल हायडनची. म्हणूनच सिंफन्यांच्या संचात आज छत्तीसनंतर एकदम अडतीस येते.

के. ३३१ ची कथा तर वर्षांच्या पायऱ्या चढतच पाहायला हवी. हा ए मेजरमधला सोनाटा, ज्याच्या शेवटी तुर्की ढंगाचा तो प्रसिद्ध रोंडो आहे. क्योखेलने तो आणि त्याचे शेजारी, ३३० आणि ३३२, १७७९ मध्ये बसवले. १९३७ साली तिसरी आवृत्ती आली. ती सिद्ध केली आल्फ्रेड आइनस्टाइन या संगीत-अभ्यासकाने (भौतिकशास्त्रज्ञ वेगळे). नात्झींमुळे १९३३ मध्येच जर्मनी सोडावी लागलेल्या या ज्यू विद्वानाचं काम लाइपझिगमधूनच छापून निघालं. आइनस्टाइनने नव्या माहितीप्रमाणे कालक्रम दुरुस्त करायचा म्हणून रचना उचलून दुसरीकडे नेल्या आणि मधल्या फटींत अक्षरं घातली. ३३१ हा १७७८ च्या पॅरिसचा ठरून ३००आय झाला. जी मायनरची धाकटी सिंफनी १८३ होती, ती पुढे सहाव्या आवृत्तीत १७३डीबी झाली. क्रमांकाचा पत्ता झाला की त्यात अक्षरं घुसवणं किती महाग पडतं, हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा. तेव्हापासून पुष्कळ पुस्तकांत दोन-दोन क्रमांक छापावे लागतात, एक मूळचा आणि एक कंसात.

आणि मग इंग्लंडमधले ॲलन टायसन. १९७० आणि ८० च्या दशकांत ते मोझार्टची हस्तलिखितं उजेडासमोर धरून कागदातले वॉटरमार्क पाहत बसले. कुठल्या गिरणीचा, कुठल्या साच्याचा कागद मोझार्टने कुठल्या वर्षी वापरला, हे तारीख असलेल्या रचनांवरून ठरवायचं आणि मग तोच कागद तारीख नसलेल्या रचनांत शोधायचा. त्यांच्या हिशेबाने ३३०, ३३१, ३३२ हे तिन्ही सोनाटा १७८३ च्या आसपासचे निघाले. म्हणजे ३३१ हा आकडा चुकला होता आणि तो दुरुस्त करणारा ३००आय त्याहून जास्त चुकला होता. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बालाझ मिकुशी यांना याच सोनाटाच्या मूळ हस्तलिखिताची चार पानं सापडली. तोवर शेवटचं एक पान तेवढं माहीत होतं. बातमी जगभर झाली, आणि कुणाही पियानोवादकाला कुठल्या सोनाटाबद्दल बोलणं चाललंय ते एका क्षणात कळलं. ३३१.

इथे मला जे म्हणायचंय ते म्हणतो. क्योखेलने आकडा दिला तो रचनेची वेळ सांगायला. वेळ चुकली तरी आकडा टिकला, कारण तोवर तो रचनेचं नाव झाला होता. विद्यार्थ्याने तो नावासारखाच वापरावा: कार्यक्रमपत्रिकेत न चुकता लिहावा, सगळा जसाच्या तसा, आणि रचना कधीची हे हवं असेल तर त्यासाठी ग्रंथ उघडावा.

हे एकदा समजलं की बाकीच्यांच्या याद्या वाचायची नजर येते. बाखची यादी वोल्फगांग श्मीडरने १९५० मध्ये केली ती प्रकारांनुसार. तिच्यात क्रमांक १ हा एक कँटाटा आहे, बाखची पहिली रचना नव्हे. शूबर्टचा ‘डी.’ म्हणजे ओटो एरिख डॉइच, १९५१, आणि ती पुन्हा काळाच्या क्रमाने. हायडनची यादी आंतोनी व्हान होबोकेनची, तिथे आधी रोमन आकडा प्रकार सांगतो, सोळा म्हणजे पियानो सोनाटा, आणि मग आतला क्रमांक. स्कार्लातीच्या सोनाटांपुढेही ‘के.’ दिसतो, पण तो राल्फ कर्कपॅट्रिकचा, एकूण ५५५ सोनाटा. तेव्हा ‘के. ५४५’ या नावाचे दोन सोनाटा जगात आहेत, आणि रचनाकाराचं नाव वगळून चालत नाही ते म्हणून.

मोझार्टची वही सध्या लंडनमध्ये आहे. ती लेखक श्टेफान त्स्वाइग यांच्या हस्तलिखित-संग्रहात होती. वारसांनी तो संग्रह १९८६ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला दिला.

शेवटचा मुक्काम पुन्हा साल्झबर्ग, १९ सप्टेंबर २०२४. मोझार्टेउम प्रतिष्ठान क्योखेलच्या यादीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करतंय. सहावी आवृत्ती १९६४ ची होती, म्हणजे साठ वर्षांनी. नील झास्लाव यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम उलरिख लाइसिंगर यांनी पुरं करून संपादित केलं आहे. नव्या संपादकांनी निर्णय घेतलाय की क्रमांकांना काळाच्या मागे पळवायचं नाही. मूळचे आकडे परत आणायचे, तारखा नोंदीत लिहायच्या, आणि ज्यांना नवा आकडा द्यायचा त्यांना ६२६ च्या पुढचा द्यायचा.

तुम्ही श्रोत्यांत बसला आहात. समोर तिघे वादक, दोन व्हायोलिन आणि एक खालच्या पट्टीचं तंतुवाद्य. सी मेजर, सात छोटे भाग, मिळून साधारण बारा मिनिटं. ही रचना लाइपझिगच्या नगर ग्रंथालयाच्या संग्रहात एका हस्तलिखित प्रतीत मिळाली. प्रत १७८० च्या सुमाराची, दुसऱ्या कुणाच्या हातची. वर नाव आहे नुसतं वोल्फगांग मोझार्ट, मधलं ‘आमाडेओ’ नाही. ते नाव तो १७६९ च्या इटलीप्रवासापासून लावू लागला, म्हणून रचना त्याआधीची धरतात. मुलगा दहा-बारा वर्षांचा. पत्रिकेवर क्रमांक आहे ६४८. शेजारच्या बाई आकडा पाहून थबकतात: रेक्विएम ६२६, आणि ही त्याच्याही नंतरची? तुम्हाला उत्तर माहीत आहे, आणि दोन भागांमधल्या उसंतीत तुम्ही ते त्यांना हळूच सांगता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या स्वरलिपीच्या दुकानात जा. तुम्हाला जर्मन येत नाही, तेव्हा कागदावर ‘मोझार्ट’ लिहा आणि खाली ‘३३०’. इथले लोक ‘के.’ ऐवजी ‘केव्ही’ लिहितात, तेवढं जोडा. पुढच्या ग्रेडसाठी हा सी मेजर सोनाटा तुम्हाला हवा आहे. विक्रेता मान हलवतो, आत जातो, आणि तीन वेगळ्या प्रती आणून काउंटरवर ठेवतो: निळसर राखाडी हेन्ले, एक बेरनरायटर, एक व्हिएन्नाची. स्वर तेच आहेत, पण बांधणीच्या रेषा, अलंकार, बोटांचे आकडे आणि संपादकाच्या टिपा प्रत्येकीत निराळ्या. क्योखेलचा आकडा रचना कोणती ते सांगतो, आवृत्ती कोणती ते सांगत नाही. तीनही प्रती उघडा, पहिल्या पानाला पहिलं पान लावून ठेवा, आणि वाचायला लागा.